आरोग्यधोरण शिकवायचे, पण कुठून?

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा प्रशासनाने एक आदेश काढला. कोविड लसीचा किमान एक डोस घेतल्याचा पुरावा असल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल द्यायचे नाही. तोवर जिल्ह्यातल्या पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच पहिला डोस घेतला होता, तर राज्याची सरासरी ७४ टक्क्यांच्या घरात होती. जिल्हा मागे होता आणि प्रशासनाला घाई होती, हे समजण्यासारखे आहे. पण या एका आदेशात किती प्रश्न गुंतलेले होते! रेशनचे धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो लसीच्या अटीला बांधता येतो का? लोक मागे राहिले ते अफवांमुळे, तापाने दोन दिवसांची मजुरी बुडेल म्हणून, की उन्हाळ्यात रांगा लावूनही लस मिळाली नव्हती तेव्हाच मन विटले म्हणून? सक्तीने आज आकडा वाढला, तर पुढच्या साथीत लोकांचा सरकारी दवाखान्यावरचा विश्वास वाढलेला असेल की घटलेला?

हे प्रश्न स्टेथोस्कोपने सुटणारे नाहीत. कायदा, अर्थकारण, समाजशास्त्र, साथरोगशास्त्र आणि राजकारण एकत्र वाचता आले तरच त्यांची उत्तरे सापडतात. हे काम आयुष्यभर करणारा, म्हणजे संशोधन करणारा आणि ते वर्गात शिकवणारा, एक पेशा जगात आहे: जागतिक आरोग्यधोरणाच्या अध्यापकाचा. मराठवाड्यातल्या मुलामुलींना हा पेशा कितपत खुला आहे, त्याच्या वाटा कुठून जातात आणि तो इथेच उभा राहण्याची गरज का आहे, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. जागतिक आरोग्याच्या अभ्यासाला या प्रदेशाने भरभरून सामग्री दिली आहे. त्या सामग्रीवर विचार करणाऱ्या अध्यापकांच्या जागा मात्र बहुतेक दुसरीकडे आहेत. हे अंतर आपल्याला महाग पडते.

आता या सामग्रीकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि युरोपातल्या सरकारांना आपल्या बंदरांची काळजी पडली. १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती प्लेगसाठीच. जहाजे किती दिवस रोखायची, हज यात्रेकरूंचे काय करायचे, यावर तिथे खल झाला. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून पाहिली आणि सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात होते आणि मराठवाडाही त्याच राज्यात होता. तेव्हापासून आजार आपले, निर्णय दुसऱ्यांचे, अशी एक घडी बसली.

ती घडी मोडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो जामखेडला. बीड जिल्ह्याला खेटून असलेला हा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो, पण पाऊस, पिके आणि गरिबी यांचा विचार केला तर तो मराठवाड्याचाच सोयरा. वेल्लोरला वैद्यक शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायका निवडायच्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्यांना नियमित शिकवायचे आणि गावाच्या आरोग्याची सूत्रे त्यांच्या हाती द्यायची. पाणी, शेती, जातीपातीच्या पंगती या सगळ्यांना त्यांनी आरोग्याचेच प्रश्न मानले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा अनुभव होता. १९७८ मध्ये अल्मा आटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा जाहीरनामा झाला, तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांचा आधार जगापुढे होता त्यात जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात वॉल्श आणि वॉरन यांचा निबंध आला. सगळ्यांना सगळे देणे गरीब देशांना परवडणार नाही, म्हणून थोडेच पण खात्रीचे उपाय निवडा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे युनिसेफने बाळाच्या वाढीची नोंद, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर भर दिला, तो याच विचाराने. यातून लाखो मुले वाचली, हे नाकारता येत नाही. पण गावातल्या बाईच्या हाती सूत्रे देण्याचा विचार मात्र मागे पडला. समग्र की निवडक, हा वाद आजही जगातल्या प्रत्येक आरोग्यधोरणाच्या वर्गात शिकवला जातो. त्या वादाची एक बाजू ज्या तालुक्यात घडली, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत तो प्रश्नपत्रिकेतल्या दोन ओळींपुरता उरावा, याची मला मनापासून खंत वाटते.

गडचिरोलीची गोष्ट याच धाग्यातली. अभय आणि राणी बंग १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गाचे उपचारही केले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला. आदिवासी जिल्ह्यात काम करून, आपल्याच नावाने लिहून, जगाचे धोरण बदलता येते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

आरोळे आणि बंग या दोन्ही जोडप्यांना जोडणारा एक शिक्षक होता. कार्ल टेलर यांचा जन्म १९१६ मध्ये मसुरीजवळच्या लंढौरचा, मिशनरी घरातला. त्यांनी पंजाबात नारंगवाल येथे गावपातळीवर संशोधन केले, जॉन्स हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला आणि अल्मा आटाच्या तयारीतही त्यांचा हात होता. त्यांच्या नावावर निबंध पुष्कळ आहेत. पण या पेशाची ताकद पाहायची तर त्यांच्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. चांगला धोरणशिक्षक बाल्टिमोरच्या वर्गात बोलतो आणि तीस वर्षांनी जामखेडच्या एखाद्या वस्तीवरचे बाळ त्याच्यामुळे जगते. अध्यापनाला दुय्यम मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

संभाजीनगरातही अशी ठिणगी पडली होती. १९८० च्या दशकात इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘घाटी’त, विद्यार्थ्यांचा एक गट आपल्या आपण शिकण्यासाठी आणि खेड्यांत जाण्यासाठी जमला. त्यातूनच ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ उभे राहिले आणि डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला ‘भारतवैद्य’ स्त्रिया घडवल्या. ही मुले अभ्यासक्रमाने घडलेली नव्हती. अभ्यासक्रमाबाहेर त्यांनी स्वतःच स्वतःला घडवले.

आता ज्या प्रश्नाने मराठवाडा गेल्या काही वर्षांत जगाच्या बातम्यांत आला, त्याकडे येऊ. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची ‘पिशवी काढण्या’चा प्रश्न. २०१९ मध्ये पत्रकारांनी तो उजेडात आणला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतले प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास दिसते. तुलना तंतोतंत नाही, वयोगट वेगळे आहेत. तरी फरक एवढा मोठा आहे की तो निव्वळ योगायोग असूच शकत नाही.

हा आकडा समजावून घ्यायचा तर धोरणाचा अभ्यासक काय करतो? तो आधी फडावर जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांत संडास नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. अंगावरून जाते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते, तिथे कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाकली की कटकट संपली असे तिलाही वाटू लागते. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल. इथवरचे पत्रकारही सांगतो. अभ्यासकाचे काम पुढे सुरू होते: साखर कारखाना मजुरांचा मालक आहे की नाही, हे कोणत्या कायद्याने ठरते? कामगार राज्य विमा तिला का लागू नाही? प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसताना खाजगी दवाखान्यावर देखरेख कुणाची? आरोग्य विमा योजनांनी अशी ऑपरेशने वाढतात की आटोक्यात येतात? ही साखर शेवटी कुणाच्या शीतपेयात जाते? शेवटचा प्रश्न २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी शोधवृत्तातून विचारला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला राज्यांना सांगितले होते. पत्रकार, समिती, न्यायालय, परदेशी वृत्तपत्र, महिला संघटना. सगळ्यांनी आपापले काम केले. पण दहा वर्षे सलग या एका प्रश्नामागे राहणे, दर हंगामात त्याच कुटुंबांना पुन्हा भेटणे आणि कायदा बदलल्यावर काय बदलले ते मोजणे, हे काम विद्यापीठाचे असते.

दुसरे टोक, औषधनिर्मितीचे, तर संभाजीनगर शहरातच आहे. क्षयरोगाच्या चार औषधांची एकत्र गोळी जगातल्या अनेक गरीब देशांना पुरवली जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांसाठी पूर्वमान्यता दिलेल्या कारखान्यांत ल्युपिनचा चिकलठाणा एमआयडीसीतला कारखाना राहिला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने वाळूजच्या एका कारखान्याच्या मालावर आयातबंदी घातली, तेव्हा औषधाच्या दर्जाचा जागतिक प्रश्न इथल्या कामगारांच्या पगारापर्यंत येऊन पोचला. १९९५ चा पेटंटविषयक ट्रिप्स करार, २००१ ची औषधांच्या उपलब्धतेविषयीची दोहा घोषणा, २००५ चा भारतीय पेटंट कायद्यातला बदल, २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या औषध-लसींवरचे पेटंट तात्पुरते शिथिल करण्याची केलेली मागणी: यातले प्रत्येक पाऊल चिकलठाणा-वाळूजच्या कारखानदारीशी जोडलेले आहे. शहरात फार्मसीची महाविद्यालये पुष्कळ आहेत. तिथल्या विद्यार्थ्याला गोळी कशी बनते हे येते. ती कुणाला, कोणत्या किमतीला आणि कोणत्या करारामुळे मिळते, हेही त्याला शिकवायला हवे.

मग या पेशात शिरायचे कसे? पहिली वाट डॉक्टरची. एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला अजून ‘पीएसएम’ म्हणतात त्यात, एमडी. नीट-पीजीची रँक खाली लागली की घ्यायची शाखा, अशी तिची ख्याती आहे आणि ती अन्यायाची आहे. घाटीच्या विद्यार्थ्याला पैठणच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात जे दिसते ते मेडिसिनच्या वॉर्डात दिसत नाही. पण विभागाचा वेळ शिबिरे, लसीकरणाच्या नोंदी आणि तपासणी पथकांची कागदपत्रे यांत जातो. प्रबंध बहुतेक एखाद्या वस्तीतल्या रक्तदाबाच्या किंवा रक्तक्षयाच्या प्रमाणावर होतो. जिल्हा परिषदेच्या आरोग्य अंदाजपत्रकातला पैसा मार्चअखेर का पडून राहतो, यावर प्रबंध करायला मार्गदर्शक मिळणे अवघड.

दुसरी वाट डॉक्टर नसलेल्यांची, आणि माझ्या मते या विषयाचे भवितव्य तीच आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा यांतला पदवीधर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आरोग्यधोरण, अर्थशास्त्र व वित्त या शाखेत शिकू शकतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आकडेवारीची शिस्त लागते. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्या तिथूनच होतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले सामाजिक वैद्यक केंद्र, जिथे देबब्रत बॅनर्जी आणि इमराना कादीर यांनी एक चिकित्सक परंपरा घडवली, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग हेही आहेत. यूजीसी-नेटमध्ये ‘सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य’ असा विषय आहे. नेट, मग पीएचडी, मग सहायक प्राध्यापकाची जाहिरात, हा क्रम कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात जागा निघत नाहीत आणि पात्र माणूस वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या प्रकल्पावर राबतो. घरी थकलेले आई-वडील आणि कोरडवाहू शेती असलेल्या मुलीने हा विषय सोडून बँकेच्या परीक्षा दिल्या, तर तिला दोष देता येणार नाही.

तिसरी वाट संस्थांची. १९७४ मध्ये सुरू झालेले मेडिको फ्रेंड सर्कल, डॉ. नोशिर अंतिया यांची एफआरसीएच, मुंबईचे ‘सेहत’, पुण्याचे ‘साथी’, २००० च्या सुमारास उभे राहिलेले जन स्वास्थ्य अभियान: महाराष्ट्रातले आरोग्यधोरणाचे बरेचसे खरे ज्ञान इथे तयार झाले. ग्रामीण आरोग्य अभियानात राज्यात लोकाधारित देखरेख आली, गावकऱ्यांनी जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले, ते या मंडळींच्या कामामुळे. विद्यापीठाने या अनुभवाला पदव्युत्तर अभ्यासक्रमात मानाची जागा द्यावी, पाहुण्यांच्या एखाद्या व्याख्यानावर भागवू नये.

परदेशाची वाट बहुतेकांच्या मनात असते. लंडनची १८९९ मधली शाळा, अँटवर्पची १९०६ मधली आणि बाल्टिमोरची १९१६ मधली ही या विषयाची जुनी पीठे. पहिल्या दोन तर वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांसाठीच निघाल्या. शिकवणी उत्तम, फी अवाढव्य. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शिवाय कॉमनवेल्थ, चेव्हनिंग, फुलब्राइट. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तिथल्या मुलांनी या शिष्यवृत्त्यांवर आरोग्यधोरण शिकायला जावे असे मला फार वाटते, कारण दवाखान्याच्या दारात जात कशी आडवी येते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागणार नाही.

पण तिकडची जमीनही आता हलली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, पाठोपाठ यूएसएड मोडीत काढली. अनेक देशांत चालणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम थांबला. मार्चमध्ये जॉन्स हॉपकिन्सने दोन हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्या. टेलर जिथे शिकवत होते, आरोळे आणि बंग जिथे घडले, तेच विद्यापीठ! परदेशी अनुदानावर उभी केलेली कारकीर्द किती लवकर कोसळू शकते, हे यातून दिसले. आपल्या राज्याच्या पैशाने, आपल्या विद्यापीठात, कायम पदावर बसलेला अभ्यासक असणे आता चैनीचे राहिलेले नाही.

लेखनाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. सेये अबिम्बोला यांनी २०१९ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये विचारले होते, की जागतिक आरोग्यावरचा निबंध कोण लिहितो आणि कुणासाठी. बीडमध्ये माहिती गोळा करणारी कार्यकर्ती लेखकांच्या यादीत शेवटी असते किंवा नसतेच. निबंध इंग्रजीत छापून येतो आणि बॉस्टनमध्ये वाचला जातो. बीडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर तो पोचत नाही. बढतीच्या नियमांत मोजली जातात ती ठरावीक सूचीतली नियतकालिके. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवलेला वीस पानी मराठी अहवाल, ज्याने औषध खरेदीची पद्धत बदलली, त्याला गुण शून्य. हे बदलायला हवे आणि ते राज्याच्या विद्यापीठांना करता येण्याजोगे आहे.

लागणारे बहुतेक सगळे घटक संभाजीनगरात हाकेच्या अंतरावर आहेत. घाटीचा पीएसएम विभाग आहे, एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आहेत, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, शिवाय मराठवाड्यातच, तुळजापूरला, टाटा संस्थेचा परिसर आहे. यांनी मिळून दोन-तीन कायम पदे आणि पीएचडीच्या दहा जागा काढल्या तरी सुरुवात होईल. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि इथले विद्यापीठ यांच्या नियमांची सांगड घालणे हे कटकटीचे काम आहे. पण तेवढेच अवघड आहे, बाकी काही नाही.

अशा विभागाला पहिला विषय शोधायची गरज पडणार नाही: तो स्थलांतरित मजुरांचा. ८ मे २०२० रोजी जालन्याच्या कारखान्यातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून निघाले होते. करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. टाळेबंदी हा आरोग्याचा निर्णय होता आणि स्थलांतरित माणूस त्या निर्णयाच्या हिशेबातच नव्हता. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, संभाजीनगरहून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांतल्या गरोदर बाईचे तपासणी कार्ड कोणत्या आरोग्य केंद्राचे? बाळाचा दुसरा डोस बेळगाव जिल्ह्यात द्यायचा तर नोंद कुठे होणार? गावच्या आशाताईला, जिच्यासारख्या लाखोंना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरवले, आपल्या यादीतली बाई सहा महिने नसताना मोबदला कसा मिळणार? फिलिपिन्सपासून मेक्सिकोपर्यंत हंगामी मजुरांच्या देशांना हेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधायला लागतील पाच वर्षे, पाच-सहा विद्यार्थी, एक जीप, फडावर रात्री मुक्काम करायची तयारी, आणि जिल्हा परिषदेला व साखर आयुक्तालयाला कागद मागताना न थकणारा एक प्राध्यापक.